अडीच महिन्याचं इंजेक्शन

नीरूला दीड महिन्याचं इंजेक्शन दिलं त्या दिवशी घरात मी होती, आई होती, वहिनी होती आणि मालिशवाली गंगुबाई होती. दादा नव्हता. तो भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करत होता. तरी नंतर तोच सगळ्यांना सांगत फिरला, इंजेक्शनने माझी पोरगी जाता जाता राहिली. असं सांगायचा जसा काय समोर उभा होता. माझी सटकायची, पण मी गप्प बसायची, कारण तेव्हा मला पण तसंच वाटलेलं.

नीरू म्हणजे नीरजा, रत्नदीप दादा आणि दर्शना वहिनीची पहिली पोरगी. आम्ही दिव्याला राहतो, चौथ्या मजल्यावर, वन रूम किचन. बिल्डिंग नवीन आहे पण बघून वाटत नाही. मागे खाडीच्या बाजूला कुणीतरी रोज कचरा जाळतं, त्यामुळे मागची खिडकी आम्ही उघडतच नाही. तिच्या फटीत आईने चिंध्या कोंबल्यात. हवा येते ती फक्त गॅलरीकडच्या पुढच्या दारातून.

त्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी नीरूला घेऊन आरोग्य केंद्रात गेलेलो. नर्सने मांड्यांत टोचलं, तोंडात थेंब टाकले. नीरू अशी रडली की वहिनी पण रडायला लागली. नर्स बोलली, ताप येईल, आला तर हे औषध द्या, जास्त गुंडाळू नका, काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. हे ती एवढ्या जोरात बोलली की मागच्या रांगेतल्या बायांना वेगळं सांगायची गरजच नव्हती.

घरी येऊन नीरू तापली. दुपारी आई कामावरून आली. ती ठाण्याला एका ऑफिसात हाऊसकीपिंगला आहे, सकाळची शिफ्ट. चप्पल काढायच्या आधीच तिने नीरूच्या कपाळाला हात लावला आणि बोलली, पोरीला बाहेरचं वारं लागलंय, आज शेक नीट द्यायला पाहिजे.

शेक द्यायला गंगुबाई यायची. मागच्या चाळीत राहते. बाळंतिणीचं अंग चोळायचं, पोराला आंघोळ घालायची, मग शेगडी. लोखंडाची शेगडी, त्यात कोळसे फुलवायचे, वर ओवा, वेखंड, लसणाची सालं टाकायची. त्या धुरावर बाळाला धरायचं. मग शेगडी पलंगाखाली सरकवायची आणि वर वहिनीने नीरूला कुशीत घेऊन पडून राहायचं. पलंगाच्या चारी बाजूंनी चादर सोडलेली, शेक बाहेर जाऊ नये म्हणून. रोज दार थोडं उघडं असायचं. त्या दिवशी आईने दार पण लावून घेतलं, पोरीला ताप आहे म्हणून.

मला खाली पाण्याला पाठवलं. टँकर आलेला. तिथे एका बाईने माझा हंडा मागे सरकवला, मग माझं आणि तिचं चांगलंच वाजलं, त्यात वेळ गेला. हंडा घेऊन वर आली तर दार आतून बंद. मी लाथ मारली. गंगुबाईने दार उघडलं. तिचा चेहरा घामाने चकाकत होता आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती, डायरेक्ट बाहेर येऊन जिन्यावर बसली डोकं धरून. आत पाऊल टाकलं तर गरम हवेचा फटका तोंडावर. आई किचनच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या पेंगत होती. वहिनी पलंगावर भिंतीला डोकं टेकून. आणि नीरूचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लटकलेला.

लहान पोरांचा हात कसा असतो, मूठ बंद, कोपरात वाकलेला. हा सरळ होता. बोटं उघडी.

मी तिला उचललं तर मान मागे पडली. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. तोंड पांढरं. मी गॅलरीत धावली, तोंडावर फुंकर मारली, पाठ चोळली, नाव घेऊन ओरडली. मागून वहिनी आली, धडपडत, तिला नीट उभं राहता येत नव्हतं. चार मजले उतरून रिक्षात बसेपर्यंत नीरूने बारीक आवाज काढला. स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत ती रडायला लागली.

डॉक्टरने विचारलं, काय झालं. आई बोलली, सकाळी इंजेक्शन दिलं. बस, एवढंच. डॉक्टरने तपासलं, बोलला रिॲक्शन असू शकते, कधी कधी मूल असं गळून जातं, पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. आम्ही त्यातलं फक्त रिॲक्शन ऐकलं.

त्या दिवसापासून घरातलं सगळं बदललं. दादाने त्याच दिवशी सांगून टाकलं की पोरीला परत टोचायचं नाही. त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागले, कुणाचं पोर टोचल्यावर चालायचं थांबलं, कुणाचं बोलायचं थांबलं. जेवताना तो ते लावायचा. वहिनी ताट घेऊन किचनमध्ये जायची. आरोग्य केंद्राची आशाताई डोसाचं विचारायला यायची तेव्हा आई दारातूनच सांगायची, सून माहेरी टिटवाळ्याला गेलीय. आत वहिनी नीरूला छातीशी धरून श्वास दाबून बसलेली. एकदा नीरू मध्येच कुरकुरली तर आईने मोठ्याने टीव्ही लावला.

आणि शेक वाढला. इंजेक्शनचं विष शेकाने उतरतं, असं आई बोलली आणि गंगुबाईने मान हलवली. आधी एक वेळ होता तो दोन वेळ झाला. गंगुबाई मात्र आमच्याकडे आली की दार उघडंच ठेवायची. गुडघा दुखतो, उठबस नको, असं सांगायची. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मग भिंतीपलीकडचा सिद्धेश खोकायला लागला.

सिद्धेश म्हणजे शेजारच्या रुपालीचा, नऊ-दहा महिन्यांचा असेल. ते लोक खडवलीवरून नुकतेच आलेले, त्याचे डोस कुठे राहिले ते रुपालीलाच धड माहीत नव्हतं. आधी वाटलं सर्दी. पण हा खोकला वेगळा होता. सुरू झाला की थांबायचाच नाही, खों खों खों एका दमात, मध्ये श्वासच नाही, मग एकदम शांत. त्या शांततेत आम्ही सगळे भिंतीकडे बघायचो. आईच्या हातातलं पीठ तसंच. मग तो श्वास आत ओढायचा आणि असा आवाज यायचा जसा काय कुणी त्याचा गळा आवळून सोडलाय. मग ओकायचा. मग रुपालीचं रडणं.

एका सकाळी रुपालीच्या दाराला कुलूप दिसलं. आशाताई येऊन मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून गेली की डांग्या खोकला आहे, कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवलंय, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी डोस चुकवू नका, याचीच लस त्या इंजेक्शनमध्ये असते. आईने परत टिटवाळा सांगितलं. आशाताईने आईच्या खांद्यावरून दोरीवरची लंगोटं बघितली आणि जिना उतरली.

वहिनीने सगळं ऐकलं होतं. ती लग्नाआधी डोंबिवलीला एका लॅबमध्ये रिसेप्शनला होती, तिला रिपोर्ट वगैरे वाचता येतात. ती दादाला बोलली, जाऊया, नुसतं विचारून येऊया. दादा बोलला, विचारायला गेलं की टोचूनच पाठवतात. ती बोलली, आणि तिला झालं तर? तो बोलला, झालं तर औषध आहे, त्या दिवसाला काय औषध होतं? वहिनीने नीरूला उचलून कुशीत घेतलं.  अडीच महिन्याच्या इंजेक्शनची तारीख आली आणि गेली.

वहिनी आता नीरूला रुपालीच्या बाजूच्या भिंतीला लागू द्यायची नाही. पलंग ओढून दुसऱ्या बाजूला घेतला. भिंतीला खोकला चिकटलाय असं तिला वाटत असेल. मी हसणार होती, पण तिचं तोंड बघून नाही हसली.

त्या आठवड्यात थंडी पडली. दिव्याला थंडी म्हणजे काय, पंखा बंद करायची थंडी, पण आईला निमित्त पुरे. गंगुबाईने निरोप पाठवला, गुडघा सुजलाय, येणार नाही. आई बोलली तिच्यावाचून काय अडलंय. तिने स्वतःच कोळसे फुलवले, शेगडी पलंगाखाली सरकवली, चादर सोडली, दार लावलं आणि कडी घातली. मग ती किचनमध्ये भाकऱ्या थापायला बसली. मी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

थोड्या वेळाने माझ्या डोक्यात ठणके मारायला लागले. मला वाटलं झोप नाही झाली म्हणून. मग हातातला शर्ट कुठून घडी घालायचा तेच कळेना. बाही कुठली, कॉलर कुठली. मी त्या शर्टाकडे बघत बसली. किचनमध्ये भाकरी करपल्याचा वास आला आणि आई ती उलटत नव्हती. हे मला दिसत होतं पण मला बोलावंसं वाटत नव्हतं. सगळं लांब वाटत होतं. वहिनीकडे बघितलं तर तोंड उघडं टाकून झोपलेली.

आणि नीरूचा हात. कडेवरून खाली. सरळ, बोटं उघडी.

मी कशी उठली मला नाही माहीत. गुडघे वळत नव्हते. कडी काढताना बोटं घसरली, मग निघाली. नीरूला उचलून गॅलरीत नेलं, तिथे बसकण मारली आणि तिला हवेत धरलं, मान माझ्या तळहातावर. आतल्या दोघींना हाका मारल्या. वहिनी रांगत आली. आई उंबऱ्यापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली. नीरूने डोळे फिरवले, ओठ हलवले, आणि मग रडली. मला एवढं गोड कधीच काही वाटलं नाही.

मी तिला वहिनीकडे दिलं, आत गेली, पाण्याचा हंडा उचलला आणि पलंगाखाली शेगडीवर ओतला. पूर्ण हंडा. चर्र करून वाफ आली, राखेचं पाणी घरभर पसरलं. आई मागून आली आणि तिने माझ्या कानाखाली ठेवून दिली. टँकरचं पाणी, घरभर चिखल, अक्कल आहे का तुला, असं ती ओरडत होती, पण ओरडता ओरडता तिचाच तोल गेला आणि ती खाली बसली.

गॅलरीत वहिनी कठड्याला धरून ओकत होती. तोंड पुसून तिने नीरूला बघितलं, मग आईला. आवाज चढवला नाही.

"आज हिला कोणी टोचलं, आई?"

आई बसल्या जागी राखेचं पाणी फडक्याने पुसायला लागली.

मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. इंजेक्शन नीरूला दिलं होतं. मग त्या दिवशी वहिनीला का उभं राहता येत नव्हतं? गंगुबाई का डोकं धरून बसली? आई दुपारी कधी झोपत नाही, ती का पेंगत होती? मी हे सगळं तिथेच बोलून टाकलं, जोरात, समोरच्या रूमची बाई दार उघडून बघेपर्यंत.

आई बोलली, "म्हणजे मी मारते माझ्या नातीला? तुम्ही दोघं भाऊबहीण कशावर वाढलात? ह्याच शेगडीवर."

"डॉक्टरला तुम्ही शेगडीचं सांगितलंत का त्या दिवशी?" वहिनीने विचारलं.

"शेगडीचं काय सांगायचं असतं? भात किती शिजवला ते पण सांगू?"

संध्याकाळी दादा आला तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिने जेवण पण केलं नाही. दादाने मला झापलं, नववीत शाळा सोडली आणि आता डॉक्टरकी करते म्हणून. मी पण सोडलं नाही, बोलली तू स्वतः अर्धा तास चादरीत डोकं घालून झोप शेगडीजवळ, मग बोल. वहिनी मध्ये पडली. ती बोलली, उद्या मी कल्याणला जातेय, यायचं तर या. दादा यायला तयार झाला, पण वहिनी नीरूचे कपडे भरत असताना त्याने मला दाराबाहेर ओढून हळूच सांगितलं, आईचं नाव तिथे घ्यायचं नाही. पोलिसबिलिस झालं तर? तिची नोकरी आहे.

हॉस्पिटलमध्ये लहान मुलांचा वॉर्ड आणि ओपीडी एकाच पॅसेजला आहे. वॉर्डच्या दारात रुपाली बसलेली. आम्हाला बघून उठली, दोन पावलं आली, आणि तिची नजर वहिनीच्या हातातल्या नीरूवर गेली. ती थांबली. ओढणी तोंडावर धरली आणि दुसऱ्या हाताने आम्हाला लांब जा, लांब जा, असं हाकललं. मी लांबूनच विचारलं, सिद्धेश कसाय. तिने खांदे वर केले. वहिनीने नीरूचं तोंड स्वतःच्या गळ्यात दाबलं आणि भिंतीकडून चालायला लागली.

आतली डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळं. दादानेच सांगायला सुरुवात केली. सकाळी इंजेक्शन दिलं, दुपारी गळाली, पांढरी पडली. चांगलं सांगितलं त्याने, आता पाठच झालेलं. डॉक्टर लिहीत होती. मग तिने पेन थांबवलं आणि बोलली की असं असेल तर हे इंजेक्शन आपण सध्या नको देऊया, मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील. दादाने मान हलवली, सुटल्यासारखी. वहिनी जमिनीकडे बघत होती. बाहेर वॉर्डमधून तो आवाज आला, श्वास ओढायचा, आणि वहिनीच्या मानेची शीर उडताना मला दिसली. तरी सासूचं नाव तिच्या तोंडातून निघत नव्हतं.

"मॅडम, दार बंद होतं," मी बोलली.

दादाने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं इथेच मारतो. पण मी थांबली नाही. शेगडी, चादर, चिंध्या कोंबलेली खिडकी, गंगुबाई, कालची शेगडी, भिंतीपलीकडचा सिद्धेश, सगळं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तिने मला विचारलं, काल तुझं डोकं दुखलं? किती वेळ? आणखी कोणाला उलटी झाली? मला कोणी एवढं नीट काही विचारत नाही, मी सगळं सांगितलं. ती बोलली, कोळशाचा गॅस बंद खोलीत साठतो, त्याला वास नसतो, मोठ्यांचं डोकं दुखतं आणि लहान मूल तेवढ्यात गळतं. परत झालं तर ती उठणार नाही. हे ती दादाकडे बघून बोलली. मग आत नेऊन नीरूला बोटाचं मशीन लावलं, टाचेतून रक्त घेतलं, आणि आम्हाला रिपोर्टसाठी थांबवलं. रिपोर्ट ठीक होता.

दादा बोलला, म्हणजे इंजेक्शनने नव्हतं झालं?

"ते मी सांगू शकत नाही. धुराने असेल. इंजेक्शनने पण असू शकतं. दोन्हीने असेल. त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर कळलं असतं."

"मग टोचलं आणि परत झालं तर?"

"इथे टोचू, इथेच बसवून ठेवू. माझ्या समोर. पण गॅरंटी मागू नका," डॉक्टर बोलली. "न टोचल्याची पण देऊ शकत नाही. भिंतीपलीकडे डांग्या आहे तुमच्या."

दादा बोलला, घरी जाऊन विचार करतो. कुणाला विचारणार, वहिनी बोलली, आणि उठली. तिने नीरूचं दुपटं सोडलं, मांडी मोकळी केली आणि आतल्या टेबलाकडे गेली.  दादा मागे गेला नाही. तो दारात उभा राहिला, तोंड पॅसेजकडे करून. मी गेली. नीरूचे पाय मी धरले. टोचलं तेव्हा तिचा पाय माझ्या हातात ताठ झाला आणि ती रडली, आणि वहिनी या वेळी नाही रडली.

आम्हाला बाकावर बसवलं, नर्सच्या टेबलासमोर. दादाचा फोन वाजत होता, आईचा. तो कट करत होता. नीरू रडून रडून दमली, हुंदके कमी झाले, मग डोळे मिटले. झोपली.

झोपलीच असेल. आम्ही तिघं तिच्याकडे वाकून बघत बसलो. छाती हलत होती, पण मला वाटत होतं की मीच हलवतेय बघून बघून. दादाने तिच्या नाकाखाली बोट धरलं. गाल पांढरे होते की ट्यूबलाईटमुळे, कळेना. मग दुपट्यातून तिचा हात बाहेर सरकला, वहिनीच्या मांडीवर पडला. मी बोटांकडे बघितलंच नाही.

वहिनी बोलली, "रडव तिला."

दादा बोलला, अगं झोपू दे. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी नीरूच्या तळपायाला चिमटा काढला. काही नाही. नर्सने मान वर केली. मी परत काढला, नखाने, जोरात, आणि तिचा पाय माझ्या हातातून झटकन सुटला, तोंड वाकडं झालं आणि ती किंचाळली. दादा भिंतीला पाठ घासत खाली बसला. समोरची एक बाई बोलली, काय निर्दयी लोक आहेत, तान्ह्या पोरीला. मी तिला उत्तर देणार होती.

वहिनीने तिच्याकडे बघितलं पण नाही. नीरूला खांद्यावर घेऊन थोपटत तिने मला बाजूला बसायची खूण केली.

"पाय सोडू नकोस," ती बोलली. "परत झोपली की परत काढ."

मी नीरूचा पाय धरला. तळव्यावर माझ्या नखाची खूण उठलेली, लाल. तिचं रडणं हळूहळू बारीक व्हायला लागलं.